ताईच्या खास डब्यातली भुकटी

३ फेब्रुवारी

ताई,

अक्षर ओळखून हसू नकोस. दोन वर्षं मी तुझ्याशी बोलत नव्हते आणि आजही बोलत नाहीये, नुसती लिहितेय. फोन केला की तू बोलतेस आणि मी ऐकते. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी भांडण, मग काम. ह्यांच्या निवृत्तीचं जेवण. टेबलाभोवती ह्यांचे साहेब, साहेबांची बायको, अख्खं ऑफिस. आणि तू समोरून विचारलंस, "ठके, तू अशी तिरकी का बसतेस गं? खाली कोरडं पडलंय का?" मी काही बोलायच्या आत ह्यांच्याकडे वळून म्हणालीस, "जावईबापू, हिला माझ्या दुकानात पाठवा. महिनाभरात एका खोलीत झोपायला लागाल." साहेबांचा चमचा हवेत राहिला. हे पाणी प्यायला लागले ते ग्लास रिकामा झाला तरी पीतच होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मुळ्या आणि बिया विकणारीने कसंही बोलावं, पण साहेबांच्या बायकोसमोर?

सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? तू म्हणालीस ते खरं होतं. पाळी थांबली आणि हळूहळू ते सुख म्हणजे शिक्षाच झाली. आत कुणीतरी खरवडल्यासारखं दुखायचं, आणि मग दोन दिवस लघवीला आग. ह्यांच्या घोरण्याचं निमित्त करून मी मागच्या खोलीत गादी टाकली. हे घोरत नाहीत. ते त्यांनाही माहीत आहे, पण बिचारे एका शब्दाने बोलले नाहीत.

आता काम. आमच्या दातांच्या कवळ्यांच्या कारखान्यात मेणाच्या टेबलावर एक बाई बसते. अखंड बडबड, म्हणून तिला सगळे रेडिओ म्हणतात. तिची मुलगी तुझ्या गावात राहते. मुलीकडे गेली की ती तुझ्या दुकानातून स्वतःसाठी म्हणून पाळी थांबलेल्या बायकांची भुकटी आणते ना? ती खाणारी मी आहे. हो, मीच. गेले सहा महिने.

आणि ताई, गुण आला. आधी ते अंगातून वाफा निघणं थांबलं. मग झोप लागायला लागली. मग एका रविवारी दुपारी हे पेपर वाचत होते आणि मी त्यांच्या नाकावरचा चष्मा काढून बाजूला ठेवला. एवढंच लिहीन. साठी उलटलेला माणूस इतका लाजेल असं मला वाटलं नव्हतं. मागच्या खोलीतली गादी मी दुसऱ्याच दिवशी गुंडाळून ठेवली.

पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. काल सकाळी मला पाळी आली. मला, सत्तावन्नाव्या वर्षी! पाच वर्षांपूर्वी थांबलेली. न्हाणीघरात मी आ वासून उभी राहिले, मग एकटीच हसत सुटले. औषधाच्या दुकानात पॅड मागितले तर काउंटरवरची पोरगी म्हणते, "नातीसाठी का, आजी?" मी म्हटलं, "माझ्यासाठी." तिचा चेहरा बघायला तू हवी होतीस.

हे असंच व्हायचं असतं का? लगेच कळव. राग अजून गेलेला नाही हे ध्यानात ठेवून कळव.

ठकी


१२ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर वाचून मी खुर्चीत बसले ती उठलेच नाही. ह्यांनी चहा आणून दिला, तो गार झाला.

तुला माहीत होतं! पहिल्या दिवसापासून माहीत होतं! तू लिहितेस, "तुझी ती रेडिओ मला काय फसवणार? तिचं वय काय, तिची पाळी अजून चालू. आणि विचारते काय, तर कडू चालत नाही, खजुरात भरून घेतलं तर चालेल का? बाबा एकाच मुलीला औषध खजुरात भरून द्यायचे." मी रेडिओला सगळं नीट पढवलं होतं गं. तो खजूर तिने आपल्या मनाने घुसडला. मी नको म्हटलं असतं.

आणि हे कळूनही तू सहा महिने गप्प? तू? जिच्या तोंडात तीळ भिजत नाही ती?

पुढची ओळ मी ह्यांना वाचून दाखवायला गेले आणि मला वाचताच येईना. "बाकीच्या बायकांना मी खणातली नेहमीची मुळी कुटून देते. तुला माझ्या स्वतःच्या डब्यातली देते, नव्या अर्काची. ती आपण दोघीच घेतो." ताई, मी दोन वर्षं तुझं नाव टाकलं होतं आणि तू मला तुझ्या ताटातलं देत होतीस.

तर तुलाही आलीय म्हणे, तीन महिन्यांपासून. त्रेसष्टाव्या वर्षी! आणि "पाळी परत आली म्हणजे औषध हाडापर्यंत पोचलं" हे तू इतक्या ठासून लिहिलंयस की मी रेडिओलाही तेच ऐकवलं. तिने हातातला मेणाचा सुरा खाली ठेवला. म्हणाली, "पाच वर्षांनी? बाई, डॉक्टरला दाखवा. माझ्या नणंदेचं असंच सुरू झालं होतं. नेलं तेव्हा उशीर झाला होता." मी म्हटलं, "तुझ्या नणंदेने आमच्या ताईची भुकटी खाल्ली होती का?" काही लोकांना दुसऱ्याचं सुख बघवत नाही, दुसरं काय.

पहिल्या तारखेपासून हा अर्क दुकानात सगळ्यांसाठी ठेवणार आहेस हे छान केलंस. ठेव. आमच्या कारखान्यातल्याच चार बायका वाट बघतायत.

राग बराच उतरलाय. पूर्ण नाही. साहेबांची बायको अजून रस्त्यात भेटली की माझ्या चालण्याकडे बघते.

ठकी


१९ फेब्रुवारी

ताई,

ती भुकटी बंद कर. आत्ता. पत्र पुढे वाचू नकोस, आधी उठ आणि तो डबा हाताला लागणार नाही असा ठेव. मग वाच.

सोमवारी मी पॉलिशच्या यंत्रावर होते. एका आजोबांची वरची कवळी, हिरडीची कड गुळगुळीत करत होते. पोटात कळ आली आणि पाठोपाठ रक्त, स्टुलावरून खाली फरशीवर. कवळी हातातून सुटली आणि तिचे पुढचे दात गेले. रेडिओने एक शब्द न बोलता आपला एप्रन माझ्या कमरेला गुंडाळला. ती बाई गप्प बसली, तेव्हाच माझं धाबं दणाणलं. तिनेच मला रिक्षात घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

मी आपली अजून ऐटीत. म्हटलं, "काही नाही हो, पाळी परत आलीय. बहिणीचं औषध लागू पडलंय."

डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या. "पाळी थांबून वर्ष उलटल्यावर जे रक्त येतं ना, त्याला पाळी म्हणत नाहीत. कितीही थोडं असो, एकदाच असो, त्याचं कारण शोधायचं असतं. तुम्ही दोन आठवडे काय करत होतात?"

काय सांगणार? आनंद करत होते.

त्यांनी सोनोग्राफी केली. गर्भाशयाचं अस्तर या वयात कागदासारखं पातळ हवं, माझं जाडजूड. तपासायला आतला तुकडा काढून घेतला. दुखलं, खोटं सांगत नाही. मग त्यांनी भुकटीचं विचारलं. रेडिओ पळत जाऊन कारखान्यातल्या माझ्या कपाटातून पुडी घेऊन आली. बाईंनी वास घेतला, बोटावर घासली. म्हणाल्या, "नुसत्या मुळीने इतकं अस्तर वाढलेलं मी पाहिलं नाही. यात दुसरं काहीतरी आहे. मी तपासायला पाठवते."

तिथूनच मी तुला फोन लावला. "डॉक्टर लोकांना आपल्या औषधांचं वावडंच असतं" असं म्हणून तू ठेवून दिलास. परत लावला तर उचलला नाहीस. म्हणून हे लिहितेय. आपण दोघी ज्याला गुण म्हणत होतो तेच आजाराचं लक्षण आहे. तुझं तर माझ्या आधीपासून चालू आहे. उद्याच्या उद्या जाऊन तपासून घे. आणि तो अर्क दुकानात ठेवायचं नाव काढू नकोस.

माझ्या तुकड्याचं अजून कळायचं आहे. हे नुसते घरभर दिवे लावत फिरतात.

ठकी


२५ फेब्रुवारी

ताई,

माझं आधी सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. कॅन्सर नाही. अस्तर वाढलंय, पण वाईट वळणावर गेलेलं नाही. भुकटी बंद, काही महिने गोळ्या, मग पुन्हा तपासणी.

आता भुकटीचं. मुळी नावापुरती आहे. बाकी तिच्यात गोळ्यांमध्ये असतो तो बायकांचा हार्मोन कुटून मिसळलाय, आणि तोही भरमसाट. बाईंनी समजावून सांगितलं. काही बायकांना डॉक्टरही हा हार्मोन देतात, पण मोजून, तपासून, आणि गर्भाशय असेल तर अस्तर वाढू नये म्हणून जोडीला दुसरं औषध देऊन. आपण तो चमच्याने खात होतो, खजुरात भरून.

हे सगळं मी तुला फोनवर सांगायचा प्रयत्न केला. तू काय म्हणालीस? "खोटं आहे. तो असं करणार नाही."

मी म्हटलं, "तो कोण?"

आणि माझी ताई, जी भर जेवणात माझ्या कोरडेपणावर बोलते, ती फोनवर गप्प झाली.

मग तुझं पत्र आलं. ताई गं! दर महिन्याला गाडीतून अर्काच्या बरण्या घेऊन येणारा तो विधुर, ज्याला मी कधीतरी लांबून पाहिला असेन. बरण्या उतरवून तो जातो असं सगळी गल्ली समजते. आणि तू दुपारी शटर खाली ओढतेस, बाहेर "माल मोजणी चालू आहे" अशी पाटी लावतेस, आणि वर माडीवर... मी पत्र उलटं करून ठेवलं. परत सरळ केलं. परत वाचलं. भावोजी गेल्याला एकवीस वर्षं झाली, मला वाटायचं तू त्या सगळ्याच्या पलीकडे गेलीस. सगळ्या गावाच्या बायकांना सल्ले देणारी माझी बहीण स्वतः उपाशी असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मला धक्का बसलाय, पण तो वाईट नाही, हे लिहून ठेवते. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

पण तो डबा त्यानेच दिला ना? "हा फक्त तुझ्यासाठी, आधी तू घे, गुण आला की दुकानात ठेव." असंच म्हणाला ना? मग तू त्यातला अर्धा मला पाठवलास. गावभर बायकांना साधी मुळी, आणि विष आपल्या दोघींना, कारण मी तुझी लाडकी. कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

कदाचित त्यालाही माहीत नसेल. कदाचित त्यालाही कुणीतरी फसवलं असेल. मी त्याला दोष देत नाही. तू फक्त त्याला विचार. समोर बसवून, डोळ्यांत बघून विचार. आणि तो काहीही म्हणाला तरी तू तपासून घे, माझी शपथ आहे.

ठकी


९ मार्च

ताई,

तुझं पत्र इतकं छोटं कसं? तुझी किराणा सामानाची यादीसुद्धा याहून लांब असते.

तू त्याला विचारलंस. तो हसला. "पण गुण आला ना? तुझी कधी तक्रार होती का?" असं म्हणाला.

मी ते वाक्य वाचलं आणि माझ्या तोंडून जी शिवी गेली ती ऐकून हे आतल्या खोलीतून धावत आले. म्हणजे माहीत होतं त्याला. बरण्यांत काय आहे ते माहीत असताना त्याने ते तुला दिलं, आणि त्यानंतर तुझ्या माडीवर बसून चहा प्यायला. गाडीभर माल तू त्याच्यादेखत गटारात ओतलास, शाबास. त्याच्या डोक्यावर ओतायला हवा होतास. डॉक्टरीणबाईंनी त्याचं नाव, गाडीचा नंबर, सगळं मागितलंय. औषध खात्याकडे त्या स्वतः तक्रार करणार आहेत. मला तुझ्याकडून फक्त हो हवं आहे.

आणि मग शेवटच्या तीन ओळी. "मी तपासून घेतलं. माझं वाईट वळणावर गेलंय. पिशवी काढायची आहे, पुढच्या सोमवारी." हे असं लिहितात का गं? जणू दाढ काढायचीय. मी कागद हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी होते, गॅसवर दूध उतू गेलं, सगळा ओटा पांढरा झाला तरी मला समजेना की काय करायचं. तू पत्रासोबत पाठवलेले रिपोर्ट बाईंना दाखवले. त्या म्हणाल्या, लवकर सापडलंय, फक्त अस्तरातच आहे, बहुतेक एवढ्यावर भागेल. बहुतेक. मला तो शब्द नको होता, पण त्या खोटं बोलत नाहीत. सगळा दोष भुकटीचाच का, तेही सांगता येत नाही म्हणाल्या, आधीपासूनही काही असू शकतं. पण खतपाणी तिने घातलं एवढं नक्की.

पण ताई, मला सगळ्यात जास्त कशाने घाबरवलं सांगू? पत्राच्या मागच्या बाजूला तू पेन्सिलीने लिहिलंयस, "एक गोष्ट तुझ्या डॉक्टरला विचारशील? मला लाज वाटते."

लाज? तुला? दुकानात रांगेत उभ्या असलेल्या बाईला "नवऱ्याला जमतं का अजून" असं विचारणाऱ्या माझ्या बहिणीला? मी ऑपरेशनच्या बातमीने हादरले होते, पण त्या शब्दाने माझा धीरच सुटला. त्या माणसाने तुझ्याकडून एवढंही काढून घेतलं तर मी त्याला सोडणार नाही.

तुझा प्रश्न मी अनेकदा वाचला. "ते दुपारचं सगळं, मला त्याचं हवंहवंसं वाटणं, त्याच्या गाडीचा आवाज आला की छातीत धडधडणं, ते माझं होतं का त्या भुकटीचं? भुकटीचं असेल तर माझ्याजवळ काहीच नव्हतं, असं होतं ना ठके?"

विचारते. उद्याच विचारते. तोवर काही ठरवून बसू नकोस.

ठकी


१३ मार्च

ताई,

विचारलं.

आत शिरले तर दार उघडंच, बाहेर बाकावर ओळीने बायका, शेवटी रेडिओ. दार लोटून घेणार होते. मग म्हटलं, माझ्या बहिणीचा प्रश्न आहे, कुजबुजत का विचारू? खणखणीत आवाजात विचारला. बाहेरचं बोलणं एकदम बंद झालं. साहेबांच्या बायकोची बहीण बाकावर होती हे मला नंतर कळलं. कळू दे तिला.

बाईंनी चष्मा काढला. त्या घाईत नसतात तेव्हाच चष्मा काढतात. म्हणाल्या, "हार्मोनने बरंच होतं. झोप लागते, वाफा थांबतात, आतली कातडी नरम राहते, दुखत नाही. दुखलं नाही की मनही पुढे होतं. त्यामुळे त्याचा काहीच वाटा नाही असं मी म्हणणार नाही. पण कुणाच्या गाडीचा आवाज ऐकून धडधडायचं, हे कुठलीही भुकटी ठरवत नाही. भुकटी तर तुम्हीही खात होतात. तुम्हाला त्या गाडीवाल्याचं काही वाटलं का?"

बाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं. रेडिओच असणार.

आता माझं ऐक, हे बाईंनी सांगितलेलं नाही. भुकटी सोडल्यावर माझे दिवस फार वाईट गेले. घाम परत, झोप उडाली, कोरडेपणाही परत. मला वाटलं, झालं, गादी मागच्या खोलीत टाकावी. मी बाईंना हेही सांगितलं, आणि त्यांनी एक साधं जेल दिलं, त्यात हार्मोन नाही. म्हणाल्या, अस्तर जागेवर आलं की दुसरंही औषध देता येईल, फक्त जागेपुरतं लावायचं, आणि हे आधी विचारलं असतं तर सहा महिने कुणाचीही भुकटी खजुरात भरून खायची गरज पडली नसती. मी मान खाली घातली. इतकी वर्षं हे दुखणं मी डॉक्टर सोडून रेडिओला सांगितलं, आणि तिच्या तोंडून तुला.

तर परवा दुपारी हे पेपर वाचत होते. अंगात भुकटीचा कण नव्हता. कंबर दुखत होती, घाम आला होता, जेलची ट्यूब उघडता उघडेना म्हणून ह्यांनी पक्कड आणली. आम्ही दोघं इतकं हसलो की पेपर फाटला. आणि ताई, मला हवं होतं. माझं मलाच हवं होतं. गोळी नाही, अर्क नाही, काही नाही. मी पन्नाशीनंतर एवढी खात्री कशाचीच दिली नाही, ही देते.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. ते तुझं होतं. सगळं तुझं होतं. एकवीस वर्षांनी तुझ्या माडीवर जे झालं त्यात त्याचा फक्त माल होता, बाकी सगळं तुझं. याचा अर्थ तो माणूस तुला खरोखरच आवडला होता. मला माहीत आहे ही वाईट बातमी आहे. भुकटीवर ढकलता आलं असतं तर तुला सोपं गेलं असतं. पण मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही.

रविवारी सकाळच्या बसने आम्ही दोघं येतोय. हे तुझं दुकान सांभाळतील, बायकांनी काहीही विचारलं तरी पळून जाणार नाहीत असं त्यांनी कबूल केलंय. मी तुझ्याजवळ राहीन, ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत. तोवर एकटी आहेस, तर त्याच्यासाठी रडून घे. पोटभर रड. ऑपरेशनच्या आधी रडलेलं चालतं, मी तेही बाईंना विचारून आलेय.

तुझी ठकी